स्टुटगार्टहून दादरला

वर्षभर जर्मनीत स्टुटगार्टला राहून परवा घरी आले. आज आईबरोबर दादरच्या फुलबाजारात गेले होते. शेवंतीचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास, "ताई, बाजूला व्हा" म्हणत डोक्यावर टोपली घेऊन घुसणारी माणसं. हा गलका किती हवा होता मला! तिकडे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायचा, रविवारी दुकानं बंद. ती शांतता सुरुवातीला खायला उठायची. पुढे सवय झाली, मग आवडायलाही लागली. (१९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट ही भगिनी-शहरं आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं.) निघताना शेजारच्या आजी स्टेशनपर्यंत सोडायला आल्या, हात सोडेनात. आज त्यांना शेवंतीचा फोटो पाठवला. आई म्हणाली, "गणपतीत बोलाव की त्यांना." बोलावणारच आहे.