पाठीवरचा सिरीयल वेगळा, आतला वेगळा: आयपॅड अखेर सुटला

मंडळी, सुटला एकदाचा! मागच्या दोन अपडेटमध्ये ज्याच्यावरच सगळं लिहिलं होतं तो सहाव्या जनरेशनचा, वापरलेला घेतलेला आणि आधीच्या संस्थेच्या लॉकमध्ये अडकलेला आयपॅड, काल रात्री साडेअकराला हॅलो (पुसलेला आयपॅड चालू होताना येते ती पहिली स्क्रीन) आलं, भाषा निवडली, वायफाय जोडलं आणि श्वास रोखून बसलो, कारण वायफाय जोडल्यावर पुढच्याच मिनिटाला ती रिमोट मॅनेजमेंटची, म्हणजे हा आयपॅड संस्थेच्या ताब्यात आहे असं सांगणारी स्क्रीन त्यांच्या नावासकट यायची, आणि काल ती आलीच नाही, सरळ टच आयडी सेट करा म्हणाला. मी तिथेच थांबून पाच मिनिटं नुसता बघत होतो.

आता झालं काय ते नीट सांगतो, कारण यात जे चुकलं ते कुणाचंही चुकू शकतं.

संस्थेला पहिला मेल केला त्याला उत्तरच नाही. दुसऱ्या मेलला खरेदीची पावती, आयपॅडच्या पाठीचा फोटो आणि लॉक स्क्रीनचा फोटो जोडला, आणि "तुमच्याकडून हे डिव्हाइस रीतसर बाहेर गेलं असेल तर कृपया रिलीज करा, नसेल तर मला सांगा, मी परत पाठवतो" असं स्पष्ट लिहिलं (रिलीज म्हणजे ॲपलकडच्या नोंदीतून त्यांनी डिव्हाइस मोकळं करणं). चौथ्या दिवशी त्यांच्या आयटीच्या मॅडमचं उत्तर आलं, हा सिरीयल आमच्या यादीत नाहीच. आता स्क्रीनवर नाव त्यांचं, आणि यादीत सिरीयल नाही! मला वाटलं त्यांची दोन खाती असतील, एक जुनं डीईपीच्या (संस्थांची डिव्हाइसं नोंदवायच्या ॲपलच्या जुन्या योजनेच्या) काळातलं आणि एक नंतरचं. मॅडमनी बिचाऱ्यांनी तेही तपासलं, नाही. मग वाटलं अक्षर वाचण्यात चूक, पण ॲपलच्या सिरीयलमध्ये इंग्रजी ओ नसतोच, शून्यच असतं, म्हणजे तो गोंधळही बाद. डीएफयूमधून, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवरून, दोनदा रिस्टोअर मारला (सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाकली), परत तेच. अर्थात रिस्टोअरने जाणार नव्हतंच, कारण ही नोंद आयपॅडमध्ये नसते, ॲपलच्या सर्व्हरवर सिरीयलच्या नावाने असते आणि ॲक्टिव्हेट होताना आयपॅड तिथे विचारतो की मी कुणाचा. हे माहीत असूनही मारला, कारण करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं.

जवळजवळ तीन आठवडे असे गेले.

परवा बॅटरी बदलायची म्हणून काच उघडायच्या आधी टेबलावर ठेवून बघत होतो, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की होम बटण आणि काचेच्या कडा चांगल्या झिजलेल्या आहेत आणि पाठ मात्र जवळजवळ कोरी. आणि डोक्यात चक्र फिरलं! हॅलोच्या स्क्रीनवर कोपऱ्यात जो छोटा आय असतो तो दाबला, सिरीयल बघितला, आणि तो पाठीवर कोरलेल्यापेक्षा पूर्ण वेगळा. म्हणजे कुणीतरी केसिंग बदललेलं. मॉडेल नंबर ए१८९३ दोन्हीकडे सारखाच, म्हणून कधी शंकाच आली नाही. सिरीयल बोर्डाबरोबर जातो, पत्र्याबरोबर नाही, त्यामुळे मी मॅडमना तीन आठवडे अशा आयपॅडचा नंबर देत होतो जो त्यांचा कधी नव्हताच.

खरा सिरीयल पाठवला, सोबत आयच्या स्क्रीनचा फोटो. दोन तासांत उत्तर: हो, हा आमचा, जुन्या लॉटबरोबर विक्रीला काढला होता, रिलीज करायचा राहून गेला, आत्ता केला. मॅडमचे मनापासून आभार, त्यांनी एकदाही कंटाळा दाखवला नाही.

पण थांबा, लगेच सुटला नाही. रिलीज झाल्यावर मी तिथूनच मागे जाऊन पुन्हा वायफाय जोडलं, तर स्क्रीन परत हजर. आधीच घेतलेलं कॉन्फिगरेशन तो धरून बसतो, म्हणून रिलीजनंतर पूर्ण पुसावं लागतं. त्यासाठी रिकव्हरी मोडमध्ये (मॅकला जोडून सिस्टीम पुन्हा टाकायची अवस्था) घातला तर मॅकला दिसेचना, अर्धा तास पोर्ट साफ करण्यात घालवला, शेवटी कळलं की हाताला आलेली केबल नुसती चार्जिंगची आहे, डेटाच्या तारा नाहीत तिच्यात. असल्या केबल वेगळ्या पिशवीत ठेवा किंवा टाकून द्या, माझं ठाम मत आहे. मग फर्मवेअर (आयपॅडची सिस्टीम) डाउनलोडला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागली आणि आयपॅड आपोआप रिकव्हरीतून बाहेर पडला, तेव्हा डाउनलोड पूर्ण होऊ दिलं आणि पुन्हा बटणं धरून रिकव्हरीत घातला. दुसऱ्या वेळी सरळ गेलं.

यातून माझी पद्धत बदलली आहे. पाठीवरचा, खोक्यावरचा, सिमच्या ट्रेवरचा नंबर मी आता फक्त टिपून ठेवणार, संस्थेला पाठवणार तो स्क्रीनवरचाच. सेटअप झालेला असेल तर सेटिंग्जमधल्या अबाउटचा, अँड्रॉइडला स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून दिसणारा आयएमईआय. दोन्ही जुळले नाहीत तर विकणाऱ्याला आधी तेच विचारायचं.

सॅमसंगच्या टॅबचं थोडक्यात, तो नॉक्स मोबाइल एनरोलमेंटमध्ये (कंपन्यांची डिव्हाइसं नोंदवायची सॅमसंगची सोय) होता, ज्या कंपनीचं नाव दिसत होतं तिला आयएमईआय पाठवला, दुसऱ्या दिवशी त्यांनी कन्सोलमधून काढला, रिसेट, झालं. याच्यावर लिहिण्यासारखं काही नाही आणि असंच व्हायला पाहिजे. मागच्या वेळचा, असाच लॉक असलेला काळा टॅब मात्र ज्यांचा होता त्यांच्याकडून हरवलेला निघाला, तो कुरियरने परत केला, पोचल्याचा मेलही आला.

बायपासचं, म्हणजे मालकाला न विचारता लॉक चुकवण्याचं पण लिहितो. एका विक्रेत्याने मला मेसेज करून दहा मिनिटांत काढून देतो म्हणून पैसे मागितले. देऊ नका. सर्व्हरवर नोंद आहे तोवर ते वरवरचं झाकणं असतं, पुढच्या वेळी पुसलं की स्क्रीन परत येते, आणि तोवर ते डिव्हाइस तुम्ही दुसऱ्याला दिलेलं असतं. आणि ज्याची वस्तू आहे त्याला न विचारता काढायचं हे मला मुळातच पटत नाही, तो काळा टॅब मी असा उघडला असता तर ज्यांचा हरवला त्यांना कधीच मिळाला नसता.

राहिला झिरो-टचवाला फोन (झिरो-टच म्हणजे कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनसाठी गूगलची अशीच नोंद). ज्या कंपनीचं नाव येतं ती बंद झालेली, मेल परत येतात, म्हणून तो पार्टसाठी फोडायचं ठरवलं होतं, डिस्प्ले आणि कॅमेरा एकदम छान आहेत. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की झिरो-टचमध्ये डिव्हाइस कंपनी स्वतः घालत नाही, ज्या रिसेलरकडून घेतलं तो घालतो, आणि तो रिसेलर नोंद काढूही शकतो! म्हणजे मालक बंद पडला तरी दार पूर्ण बंद नाही. मी ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे कंपनीच्या लिलावाचे कागद असल्याचं तो म्हणाला होता, त्यात मूळ खरेदीचं बिल असेल तर रिसेलरचं नाव तिथेच मिळेल. त्यामुळे फोडणं रद्द, स्क्रू परत लावले.

अजून एक, जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. होम स्क्रीनचा फोटो बघून घेऊ नका. सेटअप झाल्यानंतर डिव्हाइस संस्थेच्या सर्व्हरला जोडलेलं असेल तर ते वापरताना स्वच्छ दिसतं आणि पुसल्यावरच खरं रूप कळतं. समोर पुसायला लावा, वायफाय जोडायला लावा, त्याच्या पुढची स्क्रीन बघा. नेट नसताना केलेल्या टेस्टला काही अर्थ नाही. आणि ॲक्टिव्हेशन लॉक वेगळा, तो सहसा कुणाच्या तरी ॲपल आयडीचा असतो, तो संस्थेने एमडीएममधून (डिव्हाइसं दुरून सांभाळायचं त्यांचं सॉफ्टवेअर) लावलेला असेल तर त्यांच्याकडे बायपास कोड असतो, आयडीची जागा रिकामी ठेवून पासवर्डच्या जागी तो टाकायचा. संस्थेला मेल करताना दोन्ही लॉक आहेत का ते बघून एकाच मेलमध्ये विचारा, म्हणजे त्यांना दोनदा बसावं लागत नाही.

आयपॅडची बॅटरी अजून बदलायची आहेच, काचेखालचा गोंद गरम करून काढायचा कंटाळवाणा भाग आहे तो. झिरो-टचवाल्या फोनच्या बिलासाठी विकणाऱ्याला आत्ताच मेसेज टाकलाय, निळी टिक आली आहे, उत्तर अजून नाही.