आमची वाटचाल : चहाच्या मसाल्यापासून दिवाळीच्या भेटपेटीपर्यंत

सुरुवात चहाच्या मसाल्याने झाली. मग कोजागरीसाठी दुधाचा मसाला, त्यानंतर हळद-दूध आणि शेवटी कोकोचं मिश्रण. आज नाशिकमधून आमच्या पेट्या जातात त्या मुख्यतः दिवाळीच्या भेटी म्हणून. या प्रवासात पाककृती फार बदलल्या नाहीत. बदललं ते दळणं, सुकवणं आणि भरणं. कारण भेट दिवाळीत दिली जात असली तरी बरणी उघडते थंडी पडल्यावर, म्हणजे महिना-दीड महिन्याने. तोवर आतला माल मोकळा आणि ताज्या वासाचा राहिला पाहिजे. या एकाच कसोटीवर आम्ही प्रत्येक वस्तू ठेवली किंवा काढून टाकली.

चहाच्या मसाल्याचं आमचं प्रमाण अर्ध्या किलोला असं आहे : सुंठ २०० ग्रॅम, वेलदोडे सालासकट १२५, मिरे ७५, दालचिनी ५०, लवंग २५, जायफळ १५ आणि बडीशेप १०. लवंग यापेक्षा वाढवली की चहा कडवट होतो आणि जिभेला बधिरपणा येतो. सुंठ घेताना पांढरीशुभ्र घेऊ नये, तिला बहुधा चुना लावलेला असतो. मळकट तपकिरी, मोडल्यावर झणझणीत वास येणारी चांगली. रविवार कारंजा आणि भद्रकालीच्या बाजारात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळतात, तुकडा मोडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

हा मसाला आम्ही भाजत नाही. वेलदोडा-लवंगेचा सुगंध त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो आणि भाजताना घरभर दरवळतो तो बरणीतूनच वजा होतो. ऑक्टोबरच्या कडक उन्हात पातळ फडक्याखाली दोन दिवस ठेवलं की पुरे. ऊन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हाताला गरम लागेपर्यंत हलवायचं. सुंठ आणि जायफळ आधी खलबत्त्यात फोडून घ्यावं, नाहीतर मिक्सरचं पातं जातं. दळल्यावर बारीक चाळणीतून दोनदा चाळायचं, कारण सुंठेचे तंतू चहावर तरंगतात. एका कपाला पाव चमचा पुरतो, म्हणजे ५० ग्रॅमच्या बरणीत साधारण १०० कप होतात.

दळलेला मसाला गरम असताना भरला तर झाकणाच्या आतून दव धरतं आणि चार दिवसांत वरचा थर ढेकळासारखा होतो. सुरुवातीच्या तक्रारी बहुतेक याच होत्या. आता दळण परातीत पसरून वर कोरडं फडकं टाकतो आणि चार तासांनी भरतो. पावसाळी हवेत भरणीच करत नाही. नाशिकची हवा दसऱ्यानंतर कोरडी होते, पण पेटी मुंबईला किंवा कोकणात गेली की तिथली दमट हवा झाकणाच्या फटीतून आत शिरते. म्हणून झाकणाखाली सीलचा कागद आणि आत ओलावा शोषणारी छोटी पुडी घालतो.

खरं कौशल्य दुधाच्या मसाल्यात आहे. एक किलोला बदाम ४०० ग्रॅम, काजू २००, पिस्ते १५०, खडीसाखर २००, वेलदोड्याचे दाणे ३५, जायफळ १०, केशर ३ आणि हळद २. इथे वेलदोडा सोलूनच घ्यावा, साल दुधात चोथ्यासारखं लागतं. १०० ग्रॅम वेलदोड्यातून दाणे साधारण ७० ग्रॅम निघतात, खरेदी त्या हिशेबाने करावी. बदाम आणि काजू मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतून पूर्ण गार करायचे. पिस्ते परतायचे नाहीत, रंग जातो. केशर गरम तव्यावर कागदात मिनिटभर ठेवून खडीसाखरेबरोबर खलायचं म्हणजे त्याचा रंग सगळीकडे सारखा लागतो. जायफळ किसणीवर किसावं.

सुकामेवा दळताना मिक्सर सलग चालवला तर तेल सुटतं आणि लगदा होतो. म्हणून चार वाटे मेव्याला एक वाटा खडीसाखर भांड्यात घालून, तीन-चार सेकंद फिरवायचं, थांबायचं, चमच्याने तळ मोकळा करायचा, पुन्हा फिरवायचं. रवाळ दळण हवं, पीठ नको. एकदा तेल सुटलं की ते दळण परत कोरडं होत नाही. असा घाणा बरणीत भरू नका, घरी बर्फीला वापरा. चारोळी आम्ही सुरुवातीला घालत असू. ती सगळ्यात आधी खवट होते आणि एक खवट दाणा अख्ख्या बरणीला वास लावतो, म्हणून काढली.

नाशिकचे बेदाणे का नाहीत, असं अनेकदा विचारलं जातं. बेदाण्यात ओलावा असतो. कोरड्या मिश्रणात तो हळूहळू साखरेत उतरतो आणि सगळं चिकटतं. म्हणून ते पेटीत वेगळ्या पुडीत देतो. गुळाच्या पावडरीचंही तसंच आहे, ती हवेतला ओलावा ओढते. शिवाय उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटू शकतं. सुंठ-गूळ मिश्रण आम्ही बंद केलं. आता सुंठ एका पुडीत, गूळ दुसऱ्या पुडीत, आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरात : गॅस बंद करून दोन मिनिटांनी गूळ घालावा.

नाताळच्या मागणीमुळे कोकोचं मिश्रण आलं. एक किलोला पिठीसाखर ४००, कोको २५०, दूध पावडर ३००, कॉर्नफ्लोअर ४०, दालचिनी पूड ८ आणि मीठ २ ग्रॅम. तीनदा एकत्र चाळायचं. १५० मिलि दुधाला २० ग्रॅम, पण आधी दोन चमचे कोमट दुधात कालवून मग उरलेल्या दुधात घालून एक उकळी काढायची. थेट उकळत्या दुधात टाकलं की गुठळ्या होतात आणि फोडता फुटत नाहीत. साय असलेल्या दुधाची पावडर चवीला छान, पण तिची चरबी लवकर खवट होते. लांब जाणाऱ्या पेट्यांत स्किम्ड पावडर घालतो.

थरांच्या पारदर्शक बरण्या दिसायला सुंदर, म्हणून लोक मागतात. त्यात बारीक पूड खाली आणि जाड दाणा वर, हाच क्रम ठेवावा. उलटं केलं तर प्रवासातल्या हादऱ्यांनी कोको साखरेच्या फटींतून खाली झिरपतो आणि थर मोडतात. प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने दाबायचा आणि बरणी काठोकाठ भरायची, रिकामी जागा राहिली की सगळं हलतं. हळद-दुधाचा मसाला मात्र आम्ही अशा बरणीत देत नाही. उजेडाने हळदीचा रंग उडतो. त्यासाठी तपकिरी काच किंवा फॉइलची पाकिटं. पाकीट सील करताना तोंडावर पूड राहिली की सील धरत नाही. कोरड्या ब्रशने तोंड पुसून मगच मशीनवर ठेवावं.

घरून विकायचं म्हटलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची नोंदणी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, घाणा क्रमांक, तारखा, किंमत आणि हिरवं चिन्ह लेबलवर येतं. सुकामेवा आणि दूध असल्याचं स्पष्ट लिहा. भेट घेणाऱ्याने वस्तू निवडलेली नसते, त्याच्या घरात कुणाला बदाम किंवा काजू चालत नसतील तर त्याला ते लेबलवरूनच कळणार.

कोजागरी आणि लक्ष्मीपूजन यांत पंधरा दिवसांचं अंतर असतं. पहिल्या मागणीचा माल दसऱ्याआधी दळतो, दिवाळीचा कोजागरीनंतर नव्याने. एकच मोठा घाणा काढून दोन्हीकडे पुरवला तर दळणाची मेहनत वाचते, पण पेटीतला मसाला पंधरा दिवसांनी शिळा असतो. प्रत्येक घाण्याची एक सीलबंद बरणी फळीवर ठेवून देतो आणि संक्रांतीच्या आधी उघडतो. वास, रंग, ढेकळं वहीत लिहितो. हळदीकुंकवाच्या वाणासाठी २५ ग्रॅमच्या पुड्यांत कोणता मसाला द्यायचा, ते त्या वहीवरून ठरतं.