तू खोटं बोललीस

"तू खोटं बोललीस." चार वर्षांची पोर, हाताला सलाईनची पट्टी, माझ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला म्हणाली.

सुई टोचण्याआधी हिने सांगितलं होतं, "अजिबात दुखणार नाही हं बाळा." सुई 24 नंबरची, म्हणजे पिवळ्या रंगाची खूण असलेली, बारीकच. शीर पहिल्याच वेळी सापडली. (हात चांगला आहे मुलीचा.)

नंतर मी श्वास मोजायला गेले. लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो, पूर्ण 1 मिनिट मोजावा लागतो. मी नुसती पोटाकडे बघणार होते, तरी पोरीने दोन्ही हात पांघरुणात लपवले.

बाहेर आल्यावर विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हीपण असंच सांगता ना?"

सांगते खरी. इतकी वर्षं.

"थोडं दुखेल, मुंगी चावल्यासारखं" म्हणू का उद्यापासून? तुम्ही तुमच्या लेकरांना काय सांगता?