डाव्या बाजूचा बचावपटू

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतला एक तरुण फुटबॉलपटू आजारपणात गेला. त्याच्या आईची इच्छा नसल्यामुळे त्याचे नाव इथे लिहीत नाही. तो डाव्या बाजूचा बचावपटू होता, म्हणजे गोल करणाऱ्यांच्या यादीत ज्याचे नाव सहसा येत नाही असा. दिवसभर परळच्या एका दुकानात हिशेब लिहून तो लोकलच्या गर्दीतून वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर पोहोचे, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून देणाऱ्या त्या डिसूझांची गोष्ट नव्या मुलांना न चुकता ऐकवी.

खेळात तो आडदांडच होता. त्याने घसरत जाऊन चेंडू अडवला की पंचांचा हात अनेकदा खिशाकडे जाई. मात्र पाडलेल्या खेळाडूला हात देऊन उठवल्याशिवाय आणि त्याच्या गुडघ्यावरचा चिखल स्वतःच्या जर्सीने पुसल्याशिवाय तो जागेवर परतत नसे, मग प्रतिस्पर्ध्यांनी फ्री-किक घाईने घेतली तरी. प्रशिक्षक यावरून चिडत, आणि माझ्या मते रास्तच चिडत, कारण एक सामना आम्ही त्यापायीच गमावला. त्या संध्याकाळी त्याने पदरमोड करून सगळ्यांना वडापाव खाऊ घातला आणि पुढच्या सामन्यात पुन्हा तेच केले.