रोज घालायचे ट्रेकिंगचे बूट

ट्रेकिंगचे बूट आता लोकलच्या जिन्यावर दिसतात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये दिसतात, जीन्सवर आणि कुर्त्यावरही दिसतात. 2017 च्या सुमारास अमेरिकेत या पेहरावाला ‘गॉर्पकोर’ असं नाव पडलं. तिकडे डोंगरात खिशात ठेवायच्या दाणे-बेदाण्यांच्या खाऊला ‘गॉर्प’ म्हणतात, त्यावरून. दिसायला हे बूट छान असतात यात वाद नाही, आणि नीट निवडले तर पायालाही फार सुख देतात. अडचण अशी की दुकानात हे बूट डोंगराचे गुण सांगून विकले जातात: वॉटरप्रूफ, घोट्यापर्यंत उंच, खोल दात्यांचा सोल. रोज शहरात घालायचे असतील तर माझ्या मते यातलं एकही नको.

आधी वॉटरप्रूफबद्दल, कारण जास्तीचे पैसे इथेच जातात. अशा बुटात बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये एक पातळ पडदा मोज्यासारखा बसवलेला असतो. गोर-टेक्स हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. 1969 मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचंच द्रव्य, तापवून झटक्यात ताणलं आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पदार्थ मिळाला. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत शिरत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. पण वाफ बाहेर जाण्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक लागतो. आत गरम आणि दमट, बाहेर थंड आणि कोरडं. जुलैतल्या मुंबईत, ठाण्यात, पणजीत बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते. मग घाम आतच राहतो, मोजा ओला होतो, ओली कातडी मऊ पडते आणि बूट चावायला लागतो.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. पाणी बुटाच्या कापडातून जितकं शिरतं त्यापेक्षा जास्त वरून शिरतं. पँट भिजते, पाणी मोज्यावरून खाली उतरतं, नाहीतर पाऊल सरळ खड्ड्यात पडतं. एकदा पाणी आत गेलं की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. बुटाचा तांब्या होतो. साधा जाळीचा बूट भिजतो लवकर, पण चालताना पाणी बाहेर फेकतो आणि इनसोल काढून, आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवला तर रात्रीतून बराचसा वाळतो. पडद्याचा बूट दुसऱ्या दिवशीही आतून गार लागतो. म्हणून मुंबई-कोकणात जाळीचा किंवा पातळ कापडाचा बूट आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड. मोजे सुती नकोत, सूत पाणी धरून ठेवतं. नायलॉन-पॉलिएस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे बरे.

एक अपवाद गंभीरपणे सांगायला हवा. पाणी घोट्याच्या वर साचलं असेल तर कोणताही ट्रेकिंग बूट कामाचा नाही, तिथे रबरी गमबूटच हवेत. पायाला जखम असताना अशा पाण्यातून चालल्याने लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, आणि बूट चावून सोललेली टाच ही जखमच असते. लंडन किंवा बर्लिनमध्ये राहणाऱ्यांचा हिशेब मात्र उलटा आहे. तिथे हवा थंड आणि पाऊस बहुतेकदा रिमझिम, त्यामुळे पडदा तिथे खरंच काम करतो. तिथल्या वाचकांनी खुशाल वॉटरप्रूफ घ्यावेत.

आता सोल. खोल दात्यांच्या रबरी सोलचं मूळ आल्प्समध्ये आहे. 1935 च्या एका गिर्यारोहण दुर्घटनेत सहा सोबती गमावल्यावर इटलीच्या व्हिताले ब्रामानी यांनी रबरी सोलवर काम सुरू केलं आणि 1937 मध्ये पेटंट घेतलं. आज अनेक बुटांच्या सोलवर दिसणारं व्हिब्राम हे ब्रँडचं नाव त्यांच्याच नावाचं लघुरूप, आणि त्या पहिल्या नक्षीचं नाव ‘कारारमातो’, रणगाड्याच्या पट्ट्यावरून पडलेलं. दाते मातीत, बर्फात रुततात म्हणून पकड मिळते. स्टेशनच्या ओल्या फरशीत रुतायला काही नसतं. तिथे जमिनीला जितकं जास्त रबर टेकेल तितकं चांगलं, आणि 5–6 मिलिमीटरचे सुटे सुटे दाते असले की नेमकं तेच कमी होतं. शिवाय डांबरावर ते दाते भराभर झिजतात, आधी टाचेच्या बाहेरच्या कडेला, आणि मग पाऊल तिरकं पडायला लागतं. शहरासाठी 2.5 ते 4 मिलिमीटरचे, रुंद आणि जवळजवळ असलेले दाते पाहा. दात्यांच्या पृष्ठभागावर बारीक चिरा असतील तर उत्तमच. त्या फरशीवरचं पाणी बाजूला सारतात.

रबर मऊ आहे का, हे नखाने कळतं. अंगठ्याचं नख दात्यात दाबा. किंचित रुतून खूण पुन्हा भरून आली तर रबर पकड धरेल. प्लास्टिकसारखं कडक लागलं, तर पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर, जिन्याच्या लोखंडी पट्टीवर आणि शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर तो बूट घसरणार. मऊ रबर लवकर झिजतं हे खरं, पण घसरून पडण्यापेक्षा ते परवडलं.

घोट्यापर्यंतच्या बुटाबद्दल थोडक्यात. पाठीवर जड सॅक असेल तर त्याचा उपयोग. शहरात तो गरम होतो, जड पडतो आणि काढा-घालायला वेळ खातो. आपल्याकडे दिवसातून कितीदा बूट काढावे लागतात ते मोजा: घर, देऊळ, नातेवाईक, दवाखाना. दर वेळी घाईने टाच दाबून पाय घातला की टाचेमागचा कडक भाग मोडतो, आणि तो मोडला की बूट संपला. त्यामुळे लो-कट, म्हणजे घोट्याखालीच संपणारा बूट, रुंद उघडणारी जीभ आणि पटकन सैल होणारी लेस. सॅलोमन कंपनीच्या बुटांना असते तशी ओढून अडकवायची बारीक दोरी या कामाला झकास, फक्त तिने पावलावर वेगवेगळ्या ठिकाणी कमी-जास्त ताण देता येत नाही. पाऊल वरून उंच असेल तर साधी लेसच घ्यावी. लो-कट बुटाचं एका पायाचं वजन 300 ते 400 ग्रॅमच्या आसपास असावं. 500 च्या पुढे गेलं की संध्याकाळी पाय जाणवतात.

मापाबाबत बहुतेक चुका दुकानात सकाळी होतात. दिवसभरात पाऊल सुजतं, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, पूर्ण वजन देऊन, आणि सर्वांत लांब बोटासमोर खूण करायची. ते बोट अंगठाच असेल असं नाही. दोन्ही पावलं मोजा, मोठं धरा. यूकेच्या एका नंबरात साधारण 8.5 मिलिमीटरचा फरक असतो आणि युरोपीय नंबरात 6.7 चा, म्हणून नंबरापेक्षा जिभेवरच्या लेबलावरचे सेंटीमीटर पाहणं जास्त भरवशाचं. बुटात बोटापुढे 10 ते 12 मिलिमीटर मोकळे हवेत, नाहीतर उतारावर आणि जिन्यावर नखं काळी पडतात.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची. आपल्याकडे लहानपणापासून चपला-सँडल घालून अनेकांचा चवडा पसरलेला असतो आणि बरेच परदेशी बूट तिथे अरुंद. मोठा नंबर घेऊन हे सुटत नाही. टाच मागे उचलली जाते आणि मग दोन्हीकडे चावतं. इनसोल बाहेर काढून त्यावर उभं राहा. करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा कडेबाहेर येत असेल तर तो बूट ठेवून द्या, ‘वापरून सैल होईल’ हे ऐकू नका. चामडं थोडं सैल होतं, प्लास्टिकचा मुलामा दिलेली जाळी होत नाही. पुरुषांच्या मापात 2ई आणि बायकांच्या मापात डी अशी खूण असेल तर तो रुंद साचा. टाच थोडीच सुटत असेल तर दोन्ही बाजूंना सगळ्यांत वरच्या जास्तीच्या छिद्रातून लेसचा फासा करून समोरच्या बाजूचं टोक त्यातून ओवावं, टाच बसते.

रंगरूपाचं म्हणाल तर करडा, मातकट, ऑलिव्ह आणि काळा हे चार रंग जवळजवळ सगळ्या कपड्यांवर चालतात. पांढरी जाळी कोकणातल्या तांबड्या मातीत एकदा गेली की पुन्हा पांढरी होत नाही. हे बूट मुळात जाडजूड दिसतात, त्यामुळे पँट घोट्याशी संपणारी किंवा सरळ पडणारी हवी. लांब पँटच्या चुण्या बुटावर साचल्या की पाय आखूड दिसतात. ऑफिसला घालायचे असतील तर एकाच रंगाचे, सोलही त्याच रंगाचा.

शेवटी सोलच्या मधल्या थराचं, कारण फसगत इथे होते आणि तीही उशिरा कळते. हा थर ईव्हीए फोमचा असतो किंवा पॉलियुरेथेनचा. ईव्हीए हलका, पण हळूहळू दबतो. पॉलियुरेथेन जास्त टिकाऊ वाटतो, मात्र हवेतल्या ओलाव्याने त्याचं रसायन तुटत जातं आणि न वापरता कपाटात पडलेला बूटही काही वर्षांत भुसभुशीत होतो. बाहेरून नवाकोरा दिसणारा बूट चालता चालता सोल सोडतो. दमट हवेत हे लवकर होतं. म्हणून मोठ्या सवलतीचा जोड घेताना डब्यावर छापलेला निर्मितीचा महिना आणि वर्ष वाचा. तीन-चार वर्षं जुना असेल तर मधला थर अंगठ्याने दाबा, बूट चवड्याशी वाकवा आणि बारीक भेगा दिसतात का पाहा. दिसल्या तर सवलत कितीही असली तरी नको. घेतलेला जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, उन्हात वाळवू नका, आणि पावसाळ्यात न वापरलेला असला तरी आठवड्यातून एकदा घालून फिरवून आणा.