आमची वाटचाल: कुरडईच्या चिकापासून डिमसमपर्यंत

डिसेंबर लागला की पार्ट्यांचे फोन सुरू होतात आणि त्यात एक फोन हमखास असतो, "ताई, ते कॉलेज रोडवाले म्हणजे तुमचीच शाखा ना?" नाही. आमची कुठेही शाखा नाही. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये एकच किचन आहे, सहा जणी आहोत, आणि 2010 पासून एकच काम करतो: नाताळ, थर्टीफर्स्ट आणि घरगुती समारंभांसाठी उभ्या-उभ्या हातात धरून खाता येतील असे चिनी, व्हिएतनामी, जपानी धाटणीचे छोटे पदार्थ. कोण कुठून निघालं आणि कुणी काय उचललं, हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा प्रपंच.

2010 पर्यंत मी उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायचे. उकड माझी, सारण माझं, आणि कळ्या शेजारच्या काकूंच्या. काकूंच्या हाताला मोदक असा यायचा की एकवीस कळ्या मोजून घ्याव्यात आणि एकही जाड-बारीक निघू नये. नफा अर्धा-अर्धा. कागद नाही, सही नाही.

शरणपूरच्या मावशी आमच्या मोदकांच्या गिऱ्हाईक. निवृत्त शिक्षिका. नाताळला त्यांच्या घरी करंज्या, चकल्या, केक सगळं असायचं, पण त्या वर्षी लेक-जावई सिंगापूरहून येणार होते आणि 24 तारखेच्या संध्याकाळी चाळीस माणसं. मावशी म्हणाल्या, "अगं, ताट-वाटी नको. तिकडे मिळतं तसं एका घासाचं काहीतरी कर. ज्या हाताला मोदक येतो त्याला तेही येईल."

लेकीने येताना बांबूची एक टोपली, राइस पेपरची (तांदळाच्या पातळ पारदर्शक चकत्यांची) तीन पाकिटं आणि नोरीचे, म्हणजे सुशीला लागणाऱ्या वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे, कागद आणले. डिमसमच्या, म्हणजे सारण भरून वाफवलेल्या छोट्या चिनी पदार्थाच्या, पारीसाठी लागणारा गव्हाचा स्टार्च मात्र राहिला. ती हळहळत होती, "मैदा चालणार नाही, पारी पारदर्शक व्हायला हवी, आतली कोलंबी गुलाबी दिसायला हवी." काकूंनी विचारलं, गव्हाचं काय काढतात? तिने सांगितलं. काकू म्हणाल्या, "हा तर कुरडईचा चीक!"

त्याच रात्री गहू भिजत घातले. तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग वाटून, पिळून, गाळून, रात्रभर निवळायला ठेवून वरचं पाणी ओतलं. खाली पांढराशुभ्र चीक. तो वाळवला, त्यात टॅपिओकाचं पीठ मिसळलं (म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तेच), उकळतं पाणी एकदम ओतलं, झाकलं, आणि तेलाचा हात लावून मळलं. पाणी नुसतं गरम असलं तर पारी फाटते, खळखळतंच हवं. उकड काढणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही.

कळीचा प्रश्न राहिला. दक्षिण चीनमधल्या कँटनकडच्या या कोलंबीच्या डिमसमला निदान सात आणि चांगल्याला दहा-वर कळ्या असाव्यात असा संकेत आहे, पण त्या मोदकासारख्या गोल फिरत नाहीत, एकाच अंगाला असतात. काकूंनी दोन बिघडवले, तिसरा जमला. तळहातावर ठेवून म्हणाल्या, "पुढून मोदक, मागून करंजी." आजही नव्या मुलीला शिकवताना आम्ही हेच वाक्य वापरतो. काकूंच्या तेरा कळ्या व्हायच्या.

अवजारांबद्दल थोडं लिहिते, कारण लोक आम्हाला पाककृती विचारतात आणि अवजार विचारत नाहीत. धातूच्या स्टीमरमध्ये झाकणावरची वाफ थेंब होऊन पारीवर पडते आणि पारी चिकट होते. बांबूचं झाकण ती वाफ शोषतं. मोदकपात्राच्या झाकणाला आपण फडकं बांधतो त्याचंही कारण तेच. मावशींच्या लेकीची टोपली नमुना म्हणून दाखवून जुन्या नाशकातल्या एका बुरुडकाकांकडून मी बारा टोपल्या करून घेतल्या. पहिल्या चार एकावर एक बसेनात, फटीतून वाफ जायची. काकांनी न बोलता त्या परत घेतल्या आणि काठ दुहेरी विणून दिला. त्यातल्या पाच अजून वापरात आहेत. टोपली धुतली की उन्हात नाही, सावलीत वाळवायची.

दुसरं अवजार म्हणजे माझ्या सासूबाईंची सागवानी काठवट. जपानी लोक सुशीचा भात लाकडी पसरट भांड्यात घालून, व्हिनेगर-साखर-मीठ मिसळत पंख्याने वारा घालतात. लाकूड जास्तीचं पाणी पितं आणि भाताला तकाकी येते. भाकरीची काठवट याला अगदी बरोबर लागते. तांदूळ आम्ही घोटीच्या गिरणीतून इंद्रायणी आणतो. तो मुळात चिकट, त्यामुळे गोळा छान धरतो. डिसेंबरात नवा तांदूळ येतो, त्याला पाणी बेतानेच घाला. दर वर्षी कुणीतरी नेहमीच्या मापाने पाणी घालतं आणि मग लापशी झाली म्हणून मला फोन करतं.

2011 ते 2017 चांगलं चाललं. गवती चहा घातलेल्या चिकन सातेच्या (काडीला टोचून भाजलेल्या मसालेदार तुकड्यांच्या) काड्या आल्या, शेंगदाण्याचा सॉस आला, गंगापूर धरणाकडच्या आणि दिंडोरीच्या वायनरींमुळे पाहुण्यांची जीभही बदलली. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

2018 बद्दल आहे. आमच्याकडे डिलिव्हरीला एक मुलगा होता, चार वर्षं. घरच्यासारखा म्हणण्याची पद्धत आहे, पण तो खरंच आमच्यात जेवायचा. सॉस कसे जुळवायचे हे मी त्याला स्वतः शिकवलं. ऑर्डरीची वही त्याच्याच हातात असायची, कारण पत्ते त्याला लागायचे. दिवाळीनंतर गावी जातो म्हणून गेला आणि तीन आठवड्यांत कॉलेज रोडला त्याचा बोर्ड लागला. वहीचे फोटो काढून नेले होते. आमच्या एकेका गिऱ्हाइकाला फोन गेला, आमच्यापेक्षा नगामागे चार रुपये कमी भाव सांगितला गेला. धंदा कुणीही करावा, त्याला माझी ना नाही. पण त्याच्या पत्रकावर छापलं होतं: "पुढून मोदक, मागून करंजी. हातावरच्या कळ्यांचे डिमसम." माल मुंबईहून गोठवलेला यायचा, यंत्रावर दाबलेला. तो मायक्रोवेव्हमध्ये गरम करून काकूंच्या वाक्याखाली विकला जात होता.

काकूंना ते पत्रक मी दाखवणार नव्हते. त्यांच्या सुनेने दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. "कळ्या किती पाडतो तो?" एवढंच विचारलं.

सातपूरच्या एका कारखान्याची दीडशे माणसांची वर्षअखेरची ऑर्डर, जी पाच वर्षं आमची होती, त्या वर्षी गेली ती गेलीच. वर त्याच्याकडचं खाऊन लोक मला सांगायचे, "ताई, यंदा तुमच्या पाऱ्या रबरासारख्या होत्या हो." हे मला आजही सहन होत नाही. नव्याने धंदा करणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे की सॉस शिकवा, कळी शिकवा, पण पत्त्यांची वही स्वतःच्या कपाटात ठेवा.

त्यातून सावरत होतो तोवर 2020 आलं. मार्चपासून काकू घराबाहेर पडल्या नाहीत, वय झालेलं. दिवाळीनंतर जरा हालचाल दिसली, थर्टीफर्स्टच्या अकरा ऑर्डरी आल्या. मी राइस पेपर, नोरी, सॉस सगळं भरून ठेवलं. 21 डिसेंबरला संध्याकाळी बातमी आली: महापालिकांच्या हद्दीत 22 डिसेंबर ते 5 जानेवारी, रात्री 11 ते सकाळी 6 संचारबंदी. दोन दिवसांत अकराच्या अकरा ऑर्डरी रद्द. ॲडव्हान्स मी प्रत्येकाचा परत केला, पूर्ण. त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण पडल्या. कॉलेज रोडवर ॲडव्हान्स परत मिळाला नाही असं त्याच्याच तीन गिऱ्हाइकांनी मला सांगितलं. हे लिहायचं नव्हतं, पण खरं आहे.

23 तारखेला सकाळी मुलींना "जानेवारीत बघू" असं सांगायला मी किचनवर गेले होते. तेव्हा मावशींचा फोन आला. "पार्टी नाही. पण चाळीस माणसांचं कर. गल्लीतल्या घराघरांत डबे दे, दिवसाउजेडी."

चाळीस डबे, प्रत्येकी बारा नग. सहसा मी माणशी दहा धरते, जेवणाऐवजी असेल तर बारा. त्या रात्री काकूंचा व्हिडिओ कॉल टेकूला लावून ठेवला होता. एकेक टोपली कॅमेऱ्यासमोर न्यायची आणि त्या सांगायच्या, "तिसरा काढ, नऊच आहेत." राइस पेपरचे रोल सगळ्यात शेवटी, 24 ला दुपारी दोननंतर. ते आधी करून चालत नाहीत. कागद कोमट पाण्यात पाच-सात सेकंदच बुडवायचा, हाताला किंचित कडक लागतो तेव्हाच बाहेर. उरलेला मऊपणा तो गुंडाळताना घेतो. पूर्ण मऊ होईपर्यंत बुडवलात तर फाटणार. फ्रिजमध्ये ठेवलात तर चामड्यासारखा होणार. ओल्या फडक्याखाली, एकमेकांना न चिकटवता ठेवायचे आणि दोन-तीन तासांत खायचे. पुदिन्याचं पान उलटं ठेवायचं, म्हणजे गुंडाळल्यावर सुलटं दिसतं.

साडेचारला शेवटचा डबा गेला. मावशी फाटकापाशी मास्क लावून उभ्या होत्या. पाकिटात नेहमीच्या पूर्ण पार्टीची रक्कम होती, सजावट आणि वाढप्यांसकट. मी म्हटलं, मावशी, वाढपी नव्हते. त्या म्हणाल्या, "मुलींना दे." सहाही जणींचा डिसेंबरचा पगार त्यातून झाला आणि सहाही जणी अजून आमच्याकडे आहेत. पाटल्या 2022 च्या मे महिन्यात सुटल्या.

काकूंची बोटं आता वळत नाहीत. एप्रिलमध्ये गच्चीवर वर्षाचा चीक वाळवायला घालतो तेव्हा त्या खुर्ची टाकून बसतात आणि पापडी फार जाड झाली की बोलतात. नफ्यातला अर्धा वाटा अजून त्यांच्याकडे जातो.

मावशींचा यंदाचा आकडा परवा आला: बावन्न माणसं. नऊ जण शाकाहारी, त्यांना तोफू आणि गाजराचं सारण. दोघांना शेंगदाणा चालत नाही, त्यांच्या सातेचा सॉस तिळाचा, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने. कोलंबी 24 ला पहाटे मुंबईहून येईल. गहू मी आजच निवडून ठेवले, कारण एप्रिलचा चीक यंदा बावन्न माणसांना पुरणार नाही.