नॉर्मल आला, आता सोडू का?

वस्तीत बीपी मोजायला बसले की दिवसातून चारदा तरी हा प्रश्न येतो. पट्टा सुटतो, १२८/८० ऐकून समोरचा खुलतो. "नॉर्मल आला न सिस्टर? मंग आता गोळी कायले खाऊ?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सोडू नका. आकडा गोळीनंच खाली आलाय. अम्लोडिपिन, म्हणजे ही बीपीची गोळी, बंद केली की काही दिवसांत तो पुन्हा चढतो, आणि चढताना आवाज करत नाही. मे महिन्यात घाम जाऊन चक्कर येत असेल तर या, डॉक्टरांना विचारून डोस कमी करू. पण मनानं नाही.

हे बहुतेकांना पटतं. तरी गोळी सुटते, कारण ती संपते.

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात मिरचीची पोती उचलणारे एक काका होते. मी तेव्हा ज्या दवाखान्यात होते तिथं दहाच दिवसांच्या गोळ्या द्यायचे. दहा दिवसांनी परत रांग, म्हणजे रोजी बुडाली. गोळी फुकट होती, रोजी नव्हती. काका दोनदा आले, मग दिसलेच नाहीत. आठ महिन्यांनी आले ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून, लकवा मारलेला उजवा पाय ओढत. मी त्यांच्यावरच रागावले होते. ते आठवलं की अजून ओशाळायला होतं.

२०१७ मध्ये पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्या शेजारचे भंडारा आणि वर्धा त्यात होते. औषधं नेहमीचीच, जुनी. पण कोणती आधी द्यायची, कधी वाढवायची हे ठरलेलं, प्रत्येकाचं कार्ड, एकदम महिन्याच्या गोळ्या, आणि त्याही शक्यतो घराजवळ. नवीन मशीनपेक्षा मला ही महिन्याची पुडी मोठी वाटते.

बाकी थोडकं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचासुद्धा नाही. लोणचं, पापड, कुरडया त्यातच धरा. सावजी सोडा म्हणत नाही, माझं कोण ऐकणार? मोजायच्या अर्धा तास आधी चहा नको, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, तर नकोच. (गालात खर्रा ठेवून "बीपी कावून वाढला?" विचारणारे रोज भेटतात.) पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा.

काकांच्या गोळ्या आता त्यांची सून नेते. मागच्या खेपेला तिचाही मोजला. १५०/९६. थोडं थांबून पुन्हा मोजला, तेवढाच. "पण माह्यं डोकं तं दुखत नाही," म्हणाली. एका दिवसावर ठरवत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. मंगळवारी येते म्हणाली. त्या दिवशी तिला भांड्यांची दोन घरं कमी असतात.